मोतीबिंदू पिकायची वाट पाहताय? या चुका टाळा

खानदेशात घरोघरी ऐकू येणारं उत्तर: "आजून पिकना नही." डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तरी आजोबा दिवाळीनंतर बघू म्हणतात. मग कापसाची वेचणी येते, मग आखाजी (अक्षय्य तृतीया), आणि आखाजीला ऊन इतकं की ऑपरेशन नकोच. अहो, रावेर-यावलला केळीसुद्धा कुणी झाडावर पिकू देत नाही, घड कच्चाच उतरवतात!

पिकण्याची गोष्ट एकेकाळी खरी होती. तेव्हा अख्खं भिंग बाहेर काढत आणि वर जाडजूड चष्मा देत. थोडंफार दिसत असताना ते करून घेण्यात अर्थ नसायचा. आता 'फेको' नावाच्या ऑपरेशनमध्ये जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंगाचा गर फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेलं कृत्रिम भिंग तिथेच बसवतात. (याला सगळे 'लेझर' म्हणतात, बहुतेक ठिकाणी ते लेझर नसतंच.) गर जितका कडक आणि तपकिरी, तितकी जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला तितका ताण. फारच पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातला दाब वाढवतो: डोळा लालबुंद, डोकं फुटायची वेळ, उलट्या. तेव्हा रोजची कामं अडायला लागली की तीच वेळ. ऋतूचा काही संबंध नाही.

दुसरी चूक गोड असते. साठीतली आजी अचानक चष्मा न लावता सुईत दोरा ओवते आणि घरात कौतुक सुरू होतं. भिंगाचा मधला भाग घट्ट होऊन जवळचा नंबर बदलल्यामुळे तसं होतं. लांबची बसची पाटी विचारली तर कळेल. चष्म्याचा नंबर सारखा बदलणं, रात्री मोटरसायकलवर समोरच्या दिव्यांचा फुलोरा दिसणं, हीसुद्धा तीच चाहूल.

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत. मेडिकलवरून मनाने आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल आणि ते महिनोन् महिने घातले, तर मोतीबिंदू होऊ शकतो, वर काचबिंदूही. या दोघांत घोळ करू नका. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा ऑपरेशनने परत येते. काचबिंदूत डोळ्याची नस मरते, ती नजर परत येत नाही. म्हणून 'मोतीबिंदूच असेल' असं घरी बसून ठरवायचं नाही.

ऑपरेशनआधी सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांपुढे ओता. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेणारे पुष्कळ जण ते सांगत नाहीत, कारण डोळ्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. आधी माहीत असेल तर सर्जन तयारीत राहतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

साध्या भिंगाने सहसा लांबचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचायला चष्मा लागतोच. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग "ऑपरेशन बिघडलं" म्हणून गावभर बोभाटा. महागडं भिंगही जादू नव्हे: साखरेमुळे मागचा पडदा खराब असेल, तर पैसे खर्चून नजर मिळत नाही.

नंतरचे दिवस खानदेशी माणसाला जड जातात. चार दिवसांत बरं दिसायला लागलं की गडी शेतात. धूळ, घाम, गढूळ पाणी आणि डोळा चोळायची सवय, हे सगळं डॉक्टर सांगतील तेवढे दिवस टाळा. थेंबही साधारण महिनाभर चालतात, मधेच सोडू नका. नजर सुधारल्यावर पुन्हा अंधुक व्हायला लागली, डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. आत जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांचा हिशोब असतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सावकाश धूसर झालं, तर "मोतीबिंदू परत आला" म्हणून घाबरू नका. भिंग ज्या पिशवीत बसवलेलं असतं तिचा मागचा पापुद्रा पांढरट होतो. यासाठी मात्र खरंच लेझर लागतं, आणि ते बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतं.