जर्मनीत पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरापोरींनो, हे आधी वाचा

दरवर्षी सप्टेंबर संपत आला की ओळखीतून दोन-चार फोन येतातच, आमचा मुलगा येतोय तिकडे, आमची मुलगी येतेय, जरा लक्ष ठेव. जाड जॅकेट कुठून घ्यायचं, कुकर आणू का, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) पैसे कधी निघतात हे सगळं विचारून झालं की आई हळूच विचारते, "एकटी राहील ना गं?" राहते हो. एकटं राहणं दोन महिन्यांत सगळ्यांना जमतं. पहिल्या वर्षी अडतं ते दुसरीकडेच.

मी सांगलीची. बारावीनंतर इथे श्टुटगार्टला आले त्याला आता बारा वर्षं होतील, आधी एक वर्ष स्टुडियनकॉलेग, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीचं तयारीचं वर्ष, आणि मग बॅचलर. आपल्याकडे कॉलेजात कुणीतरी सतत मागे असतं, अटेंडन्स, सबमिशन, युनिट टेस्ट, नाहीतर मग घरी फोन. इथे तीनशे पोरांचा हॉल, प्रोफेसर येतात, शिकवतात, शेवटी सगळे बाकावर टकटक करतात (टाळ्यांऐवजी, पहिल्यांदा दचकायला होतं) आणि संपलं. बहुतेक लेक्चरना हजेरीच नसते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत तुम्ही काय करताय हे कुणीही विचारत नाही आणि मग एकच परीक्षा, तिचं रजिस्ट्रेशनसुद्धा आपणच करायचं, तारीख चुकली की बसता येत नाही. सेमिस्टरला साधारण 30 क्रेडिट असतात, एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास अभ्यास धरलेला असतो, म्हणजे हिशोब करा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ आपला आपणच बसायचं असतं.

माझं पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं. 5.0. इथे 1.0 सगळ्यात चांगला ग्रेड, 4.0 ला पास आणि 5.0 म्हणजे नापास. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं पाचपैकी पाच मिळाले, आणि मी दोन दिवस त्यांना तसंच वाटू दिलं. अजून आठवलं की घशाशी येतं.

मग आइनझिश्टला गेले, म्हणजे आपला तपासलेला पेपर बघायला मिळतो तो दिवस. हा दिवस अजिबात सोडू नका, पास झालात तरी जा. माझ्या पेपरवर उत्तरं बरीचशी बरोबर होती पण समासात चार ठिकाणी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता, वारुम, म्हणजे का? मी फॉर्म्युला पाठ करून टाकला होता, तो इथे का लागू होतो हे एकदाही लिहिलं नव्हतं कारण ते मला माहीतच नव्हतं. तिथला असिस्टंट म्हणाला, बुधवारी माझी श्प्रेखश्टुंडं असते (शंका विचारायला भेटण्याची ठरलेली वेळ), या. मी चौदा आठवडे मागून दुसऱ्या रांगेत गप्प बसले होते, कारण आपल्याकडे शंका विचारली की "शिकवत होते तेव्हा लक्ष कुठे होतं" हे ऐकून ऐकून तोंड मिटायची सवयच लागलेली.

म्हणून माझं ऐकाल तर पहिल्या वर्षाचं ध्येय एवढंच ठेवा, दर आठवड्याला एक प्रश्न, मोठ्याने, मोडक्या जर्मनमध्ये का होईना. सुरुवात युबुंगमध्ये, म्हणजे गणितं सोडवायच्या छोट्या तासाला करा, तिथे ट्यूटर म्हणजे वरच्या वर्षाचाच पोरगा असतो, त्याला सरळ डू, म्हणजे अरे-तुरे म्हणायचं. फाखशाफ्टमध्ये, म्हणजे डिपार्टमेंटच्या विद्यार्थी मंडळात जाऊन जुने पेपर मागा. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी जर्मन सोडू नका, आणि जर्मन क्लासपेक्षा वेगेच्या (चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटच्या) किचनमध्ये जास्त येते हे मी अनुभवाने सांगते, पुट्झप्लानवरून, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांच्या तक्त्यावरून, कुणाची पाळी आहे यावर वाद घालता आला की समजा बी टू, म्हणजे बऱ्यापैकी वरची पातळी आली. गणपतीला मंडळात नक्की जा, आरतीला उभं राहिलं की बरं वाटतं, पण चारही रूममेट आपलेच घेऊ नका. मायेने सांगतेय.

इथे येणारं दुसरं-तिसरं पोरगं म्हणतं मर्सिडीज किंवा पोर्शमध्ये लागायचंय. चांगलंच आहे, दोन्ही याच शहरातल्या. पण त्यावरून येत्या मंगळवारी काय करायचं ते कळत नाही ना, म्हणून एका कागदावर फक्त मार्चपर्यंतचं लिहा, कुठले पेपर सोडवायचे, भाषेची कुठली परीक्षा, आणि डिपार्टमेंटमध्ये आपल्याला नावाने ओळखणारा एक तरी माणूस. विषय चुकलाय असं वाटलं तर तेही पहिल्या वर्षातच बोला, बदलण्यात कमीपणा नाही, फक्त व्हिसा ऑफिसला आधी विचारा.

पैशाचं थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात, त्यातला मोठा भाग भाड्यात जातो, आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, आपल्याला सेमिस्टरला 1500 युरो फी आहे, माझ्या वेळी नव्हती. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण भागत असेल तर पहिलं सेमिस्टर काम घेऊ नका. दुसऱ्यापासून युनिव्हर्सिटीतच हिवीचं, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली विद्यार्थी मदतनिसाचं काम शोधा, ते या दिवसांत मोजत नाहीत.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि मन खूप खाली जातं, ते तुमच्या एकट्याचं नसतं. झोप उडाली, जेवण जाईना तर स्टुडिअरेंडनवेर्कचे (विद्यार्थ्यांची होस्टेल, मेस वगैरे बघणारी संस्था) समुपदेशक असतात, लाजू नका. घरी फोन दुपारच्या सुट्टीतच करा, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, संध्याकाळी लेक्चर सुटेपर्यंत तिकडे निजानीज झालेली असते. आणि फोनवर खरं सांगा. मी तिसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बुधवारी जाणार आहेस ना त्या माणसाकडे?"