चार पानांच्या साइटलाही एचटीटीपीएस, तेही फुकटात

फोंड्याकडच्या आमच्या देवस्थानाची साइट म्हणजे चार पानं: जत्रेची तारीख, पालखीच्या वेळा, अभिषेकाचे दर, वाटेचा नकाशा. लॉगिन नाही, पैसे भरणं नाही. मग एचटीटीपीएस, म्हणजे साइट आणि वाचक यांच्यातली कुलूपबंद जोडणी, कशाला, असं मीही म्हणायचो. पण जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या साइटच्या पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ लिहितं, आणि मुंबईचा एखादा कुळावी (देवाच्या कुळातला भक्त) फोन करतो, “साइट हॅक झाली काय ओ?” शिवाय साध्या एचटीटीपीवर मधल्या वायफायवाल्याला पानात जाहिरात घुसवता येते, अभिषेकाचा दरसुद्धा बदलता येतो.

1. होस्टिंगच्या (साइट जिथं ठेवलीय त्या सेवेच्या) कंट्रोल पॅनेलमध्ये एसएसएल शोधा; एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र याच नावाखाली असतं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ किंवा ‘ऑटोएसएसएल’ दिसलं की चालू करा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं प्रमाणपत्र फुकट असतं, होस्टिंगवाला त्याचेच वर्षाला पैसे मागत असेल, तर सरळ होस्टिंग बदला.

2. ‘फोर्स एचटीटीपीएस’ चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंका मग आपोआप वळतात.

3. पानांतले एचटीटीपीने सुरू होणारे पत्ते शोधून बदला. एचटीटीपीएसच्या पानात असे जुन्या पत्त्याचे काही भाग ब्राउझर अडवतो. वेळ जातो तो इथंच. आमच्या नकाशाचा पत्ता जुनाच राहिला होता. जत्रेच्या आदल्या दिवशी तिथं नुसती पांढरी चौकट.

एक सांभाळा: ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतंय ना, हे दोन-तीन महिन्यांनी एकदा स्वतः बघा. मुदत संपली तर पानाऐवजी ब्राउझरचा भलामोठा इशाराच दिसतो.