चेपलेला मणका घेऊन पुढची वर्षं कशी काढायची

हाड मोडलं म्हटलं की लोकांना प्लास्टर आठवतं. ठिसूळ हाडांमुळे मोडलेल्या मणक्याचं तसं नसतं. तो पुढच्या बाजूने चेपतो, पाचरीसारखा होतो आणि बहुधा त्याच आकारात जुळून येतो. गेलेली उंची परत येत नाही. माझे डी १२ (छातीमागचा शेवटचा) आणि एल १ (कमरेचा पहिला) हे दोन मणके असे बसलेत. छातीमागचा ताठ भाग संपून कमरेचा लवचीक भाग जिथे सुरू होतो तिथे ताण जास्त पडतो, त्यामुळे पुष्कळांचे नेमके इथलेच जातात. मी शिवणकाम करते, म्हणजे धंदाच पुढे वाकून बसण्याचा. आजही मशीनवर बसते, पण बसण्याची सगळी रीत बदलून.

सुरुवातीचं भयंकर दुखणं साधारण ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं. त्यानंतर उरते ती स्नायूंची ठणक: सकाळी कमी, दिवस चढेल तशी वाढणारी, आडवं झालं की उतरणारी. चेपलेल्या मणक्यांची पाठ सरळ धरून ठेवताना स्नायू दमतात, एवढाच त्याचा अर्थ. तिच्यावर मला सगळ्यात लागू पडलेला उपाय फुकटचा आहे. पाठीवर झोपायचं, गुडघ्यांखाली उशी घ्यायची, पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. ठणक लागेपर्यंत थांबायचं नाही, त्याच्या आधीच आडवं व्हायचं. मात्र दिवसभर अंथरुणात राहिलात तर हाड आणि स्नायू दोन्ही झिजतात. पाठीला बांधायच्या पट्ट्याचंही तेच: पहिल्या आठवड्यांत आधार देतो, पुढे डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडवायचा.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, पाय खाली सोडा आणि हातांनी रेटा देत उठा.

आता मुख्य गोष्ट, वाकणं. मणक्याचा पुढचा भाग कमजोर झालेला असतो आणि पाठ गोल करून वाकलं की सगळा भार तिथेच येतो. १९८४ सालच्या एका अभ्यासात मणक्यांचं ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असलेल्या ५९ बायकांना वेगवेगळे व्यायाम दिले होते. पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड दिसली, पुढे वाकून करायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या. गट लहान होता हे खरं, पण मला तेवढं पुरलं. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, पोटासाठी झोपून धड उचलायचे प्रकार, सगळं बंद. कुणी ‘मणका बसवून देतो’ म्हणून पाठीवर दाब देऊ लागला तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

पण काम थांबत नाही. खाली जायचं तर खुब्यातून वाकायचं: पाठ सपाट, गुडघे सैल, बसायला निघाल्यासारखं मागे जायचं. उचलायची वस्तू अंगाशी धरायची. वाकून वळणं, म्हणजे ओला कपडा बादलीतून काढून तसाच बाजूला टाकणं, सगळ्यात वाईट; आधी पावलं वळवा, मग हात. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की पाठ खुर्चीला टेकवा, नाहीतर एक हात कमरेवर दाबून धरा. शिंकेनेही मणका मोडलेले लोक आहेत, ही थट्टा नाही.

माझं कापड बेतणं आता उभ्याने होतं, कमरेच्या उंचीच्या टेबलावर. मशीन थोडं उंच करून घेतलंय, त्यामुळे मान खाली न घालता सुई दिसते. हातशिलाई करताना मांडीवर जाड उशी ठेवते. काम डोळ्यांपाशी येतं, डोळे कामापाशी न्यावे लागत नाहीत. पडलेल्या टाचण्यांसाठी काठीला लोहचुंबक बांधलंय. तुमचा धंदा दुसरा असेल, पण काम वर आणायचं हे सूत्र सगळीकडे चालतं.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने पाठ बघितल्यावरच. मी ज्याने सुरुवात केली तो असा: पाठीवर झोपून डोकं, खांदे आणि कोपरं गादीत हलकेच दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मग बसून कोपरं मागे ओढत खांद्याची पाती जवळ आणायची. पुढे कधीतरी पोटाखाली उशी घेऊन छाती किंचित उचलणं. चालणं रोज हवंच, पण नुसत्या चालण्याने पाठ भक्कम होत नाही.

चेपलेल्या मणक्यात सुईने हाडाचं सिमेंट भरून घेण्याबद्दल लोक विचारतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ज्यांना डॉक्टरांनी सिमेंट न भरता नुसतं भरल्याचं नाटक केलं, त्या रुग्णांनाही तेवढाच आराम पडला होता. म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. असह्य दुखण्यात काही डॉक्टर अजून सुचवतात. तो निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या.

दुखणं थांबलं की औषधही थांबवणारे खूप भेटतात. त्यांच्यावर मला रागच येतो. एका मोठ्या अभ्यासात मणका मोडल्यानंतर वर्षाच्या आत सुमारे पाचातल्या एका बाईचा आणखी एक मोडला होता. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, पण एवढ्यावर भागत नाही. हाडांचं खरं औषध वेगळं असतं. आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. तेवढा वेळ ताठ बसवत नसेल तर डॉक्टरांना सांगा. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देता येतं. दातांची मोठी कामं असतील तर ती आधी उरकून घ्यावीत. टेरिपॅराटाइडची सुई रोज टोचावी लागते, सहसा जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि ती संपली की लगेच दुसरं औषध हवं, नाहीतर मिळवलेलं हाड जातं. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर ६ महिन्यांनी. ते लांबवलं किंवा परस्पर सोडलं तर एकदम अनेक मणके बसू शकतात, म्हणून तारीख कपाटाच्या दारावर लिहून ठेवा.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीत एक गंमत असते: चेपलेला मणका दाबला गेल्यामुळे जास्त घट्ट दिसतो. कमरेचा आकडा सुधारला म्हणून खूश होण्याआधी चेपलेले मणके मोजणीतून वगळलेत का ते विचारा, आणि खुब्याचा आकडा बघा.

पोक आलेल्या पाठीत पोटाला आणि फुप्फुसांना जागा कमी पडते. थोडं थोडं, जास्त वेळा खा. पेनकिलरमुळे बद्धकोष्ठ झाला तर वेळीच बोला, कुंथणं पाठीला महागात पडतं. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. झोपेच्या गोळीचा विषयही डॉक्टरांकडे काढा, तोल तिच्यामुळेच जात असेल.

पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यात एक तासही थांबायचं नाही. ताप, वजन उतरणं किंवा आडवं होऊनही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर नुसतं ‘जुनंच आहे’ म्हणून सोडू नका. अचानक नवी कळ आली तर एक्स-रे. आणि मणक्याची बरीच फ्रॅक्चर न दुखताच होतात, म्हणून अधूनमधून उंची मोजा, भिंतीला टाचा टेकवून. २ सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली तर दुखत नसलं तरी दाखवून या. मोजायची दर वेळी सकाळीच. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचीच उंची थोडी उतरलेली असते.