घर बदलताना कॉम्प्युटर आणि प्रिंटर सुखरूप कसा न्यावा

खान्देशात घरं बदलतात ती बहुतेक मे महिन्यात. परीक्षा संपलेल्या, बदलीचा आदेश हातात, आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास. भर दुपारी ताडपत्रीखाली टेम्पोत किती तापतं, ते हात घालून बघा. म्हणून कॉम्प्युटरचं सामान पहाटेच्या फेरीत न्या.

बांधाबांधीच्या आधी बॅकअप घ्या. मशीन फुटलं तर नवं येतं, मुलांचे फोटो आणि जमिनीच्या कागदांचे स्कॅन परत येत नाहीत. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार फाइली उघडून बघा. ही डिस्क टेम्पोत द्यायची नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवायची.

वायरी काढण्यापूर्वी सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. मग मशीन रीतसर शटडाउन करा. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर ती फिरायची थांबेपर्यंत मिनिटभर हलवू नका. एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची चिपवाली डिस्क, असेल तर तिच्यात फिरणारं काही नसतं, ती धक्के बरेच सोसते. वेगळं जड ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून घ्या. खड्ड्यांत त्याच्या वजनानं स्लॉट तुटतो. ते जमत नसेल तर मदरबोर्डाची बाजू खाली येईल असा सीपीयू आडवा ठेवा. मॉनिटर मात्र उभाच न्या, काचेवर मऊ चादर घालून, दोन गाद्यांच्या मध्ये. गुंडाळायला गोधडी उत्तम. घरात मोकळा कापूस असतो म्हणून तो भरू नका; त्याचे तंतू पंख्यात आणि जाळीत शिरतात.

सगळ्यात जास्त घात होतो तो शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरचा. जळगावहून धुळ्याला येताना मी आमचा प्रिंटर भरल्या टाकीनिशी गादीशेजारी तिरपा कोंबला होता. पारोळा येईपर्यंत निळी शाई आईनं शिवलेल्या गोधडीत उतरली होती. ते डाग अजून आहेत, आणि प्रिंटरच्या पोटात गेलेली शाई साफ करायला वेगळे पैसे गेले.

म्हणून हलवायच्या आठवड्यात टाकी भरूच नका. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, भिंतीवरच्या बटणानं नव्हे. असं केलं की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, आपल्या जागी जाऊन झाकलं जातं आणि वाळत नाही. मगच वायर काढा. झाकणं घट्ट लावा. एप्सनच्या एल मालिकेतल्या काही जुन्या मॉडेलना टाकीजवळ वाहतुकीचा खटका असतो; तो फिरवला की शाईचा रस्ता बंद होतो. कार्ट्रिजवाला प्रिंटर असेल तर कार्ट्रिज आतच राहू द्या. हेड सरकू नये म्हणून चिकटपट्टी लावा, पण सहज निघणारी, कारण उन्हात साध्या टेपचा गोंद विरघळून चिकटून बसतो. बाहेरून प्लास्टिकची पिशवी, मग खोका.

लेझर प्रिंटरचा टोनर, म्हणजे शाईच्या पुडीचा डबा, काढून काळ्या कापडात गुंडाळा. त्याच्या ड्रमला, म्हणजे छाप उमटवणाऱ्या नळकांड्याला, उजेड सोसत नाही.

खोक्यावर चारही बाजूंनी बाण काढा. तेवढ्यावर विसंबू नका. ‘हाई काय शे भाऊ?’ असं हमालानं विचारलं की नीट सांगा: यात शाई आहे, आडवं करायचं नाही. प्रिंटरचा खोका टेम्पोत सपाट तळावर ठेवा, वर काही रचू नका. चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा असेल तर दोरीनं आवळून बांधा. यूपीएसही उभाच ठेवा, आत बॅटरी असते.

नव्या घरी पोचलात की लगेच प्लग लावू नका. तापलेलं सामान तास-दोन तास सावलीत निवू द्या. तोवर वायरमनकडून तीन पिनच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत बरेचदा तिसरी तार जोडलेलीच नसते. मग फोटो बघून वायरी जोडा. प्रिंटरचा खटका उघडा, हेडची पट्टी काढा आणि आधी नोझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं, पान छापा. रेषा तुटक आल्या तर एकदा हेड क्लीनिंग करा, पुन्हा पान छापून बघा. तरीही तुटक असतील तर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी परत छापा. लागोपाठ क्लीनिंग केलं तर शाई नुसती वाया जाते.