परदेशी मॉडेल मागवण्याआधी: पुण्यातल्या छांदिष्टासाठी खर्चाचा आणि कार्बनचा हिशेब

एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७) रेल्वे इंजिन असो, रेडिओवर उडणारं विमान असो की रणगाड्याचं प्लॅस्टिक किट, वेबसाइटवर दिसणारी किंमत ही पुण्यात दारात पडणाऱ्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. उरलेली रक्कम वाहतूक, कस्टम, जीएसटी आणि बँकेच्या फीमध्ये जाते. पर्यावरणाचा खर्च तर कुठल्याच बिलावर छापत नाहीत. हे दोन्ही हिशेब कसे मांडायचे, काय बाहेरून आणायचं आणि काय इथेच करून घ्यायचं, ते पुढे दिलं आहे.

माल चीनमध्येच का बनतो

हाँगकाँगच्या केडर समूहाने १९८७ मध्ये अमेरिकेची बॅकमन ही मॉडेल रेल्वेची कंपनी घेतली. त्याच धंद्यातल्या ब्रिटनच्या हॉर्नबीने १९९० च्या दशकात मार्गेटमधलं उत्पादन चीनला हलवलं. मजुरी स्वस्त हे एक कारण खरंच, कारण एका इंजिनावर शेकडो बारीक भाग हाताने बसवावे लागतात. दुसरं कारण साच्याचं. समजा, इंजेक्शन मोल्डिंगचा साचा ६ लाख रुपयांचा आहे. ५०० नग काढले तर नगामागे साच्याचेच १,२०० रुपये पडतात, २०,००० काढले तर फक्त ३०. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये गाड्यांच्या डॅशबोर्डचे साचे बनतात, त्यामुळे इंजिनाच्या कवचाचा साचा त्यांना अवघड नाही. अडतं ते गिऱ्हाइकांच्या संख्येवर. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या अनेक प्लॅस्टिक किटांच्या खोक्यावर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं ते पुरेशा मागणीमुळेच.

या पद्धतीचा छांदिष्टाला थेट बसणारा फटका सुट्या भागांचा. कारखाना एक खेप काढतो, साचा कपाटात जातो आणि मशीन दुसऱ्याच्या मालाला लागतं. दोन वर्षांनी गिअर तडकला की तो भाग कुठेच मिळत नाही. म्हणून सुटे भाग इंजिनासोबत त्याच पार्सलमध्ये मागवा: चाकांचे रबर टायर, कपलर (डबे जोडणारे आकडे), अ‍ॅक्सलचे गिअर आणि मोटरचे ब्रश बदलण्याजोगे असतील तर तेही. ते नंतर वेगळे मागवले तर भागापेक्षा टपाल महाग पडतं.

दारात पडणारी किंमत

१०,००० रुपयांचं विजेवर चालणारं मॉडेल आणि २,५०० रुपये विमान-कुरिअर असं उदाहरण घेऊ. कस्टमचा हिशेब मालाच्या किमतीवर नाही, किंमत अधिक वाहतूक अधिक विमा यांवर होतो. विमानाने आलेल्या मालाला वाहतूक जास्तीत जास्त किमतीच्या २० टक्के धरतात. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के लावतात. म्हणजे १०,००० + २,००० + ११२ = १२,११२.

खेळणी आणि मॉडेल कस्टमच्या दरयादीत ९५०३ या शीर्षाखाली येतात. त्यावरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. ७० टक्क्यांनी ८,४७८ रुपये होतात. मग वरचे १२,११२ आणि हे शुल्क मिळून २०,५९० वर १८ टक्के जीएसटी: ३,७०६. कराचीच बेरीज १२,१८४. त्यात कुरिअर कंपनीची हाताळणी फी ६०० धरा. कार्डावर परकीय चलनाचे ३.५ टक्के आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी, म्हणजे आणखी ५१६. मॉडेल आणि कुरिअरचे १२,५०० धरून एकूण २५,८०० रुपये. दहा हजारांच्या वस्तूला!

वैयक्तिक वापराचं पार्सल वेगळ्या शीर्षाखाली गेलं तर दर वेगळा लागतो आणि हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. तेव्हा मागवण्याच्या आठवड्यात कस्टमच्या आइसगेट संकेतस्थळावरच्या ड्यूटी कॅल्क्युलेटरवर बघून घ्या. खिशाची तयारी मात्र वरच्या दराचीच ठेवा. कमी लागलं तर कुणी तक्रार करत नाही.

वजनाचा सापळा वेगळाच. कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५,००० हे आकारमान-वजन काढतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त असेल तर त्याचे पैसे घेतात. लांब फ्लेक्स ट्रॅकचं (वाकवता येणाऱ्या रुळांचं) ९५ × १२ × १० चं खोकं तराजूवर सव्वा किलो भरलं तरी बिल २.२८ किलोचं येतं. विमानाच्या पंखांचंही तेच. असा लांब, हलका माल भारतातल्या विक्रेत्याकडून घ्यावा, कारण तो बहुधा मोठ्या खेपेत आलेला असतो.

पार्सल कुठे अडकतं

विक्रेत्याला ‘गिफ्ट लिही’ सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून शुल्क न भरता भेटवस्तू म्हणून आयात बंद आहे. किंमत कमी लिहायलाही सांगू नका. कस्टमने किंमत नाकारली की वाद आणि गोदामाचं भाडं दोन्ही तुमच्या अंगावर येतात, आणि पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते.

वैयक्तिक वापरासाठी आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक लागत नाही. पण एकाच पार्सलमध्ये सारखी पाच इंजिनं दिसली तर तो व्यापारी माल वाटतो. मित्रांचा माल एकत्र मागवून वाहतूक वाचवायची असेल तर वस्तू वेगवेगळ्या असाव्यात आणि पैसे ज्याचे त्याने द्यावेत. ओळखपत्राची प्रत आधीच पाठवून ठेवा. केवायसीअभावी पडून राहणारी पार्सलं कमी नसतात.

तयार ड्रोन किंवा जोडणीचा पूर्ण संच मागवूच नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून त्यांच्या आयातीवर बंदी आहे. ड्रोनचे सुटे भाग त्यातून वगळलेले आहेत. रेडिओ ट्रान्समीटर, वायफाय असलेला डीसीसी (रुळांतून इंजिनांना डिजिटल आदेश देणारा) कंट्रोलर यांना वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाची मान्यता लागते. इथल्या विक्रेत्याकडे मान्यताप्राप्त मॉडेल थोडं महाग मिळतं, ते घ्यावं. लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू होतो, म्हणून खोक्यावर ‘१४+’ आहे का ते विक्रेत्याच्या फोटोत बघून घ्या.

सुट्या लिथियम बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत. मालवाहू विमानात त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसाव्या लागतात. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पॅक इथेच विकत घ्या, यात दुमत नको.

अमेरिकेसाठी बनवलेल्या संचातला अ‍ॅडाप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावला की वास येतो आणि काम संपतं. अ‍ॅडाप्टरशिवाय संच मिळत असेल तर तसाच मागवा आणि लेबलवरचं व्होल्टेज, अँपिअर आणि एसी-डीसी जुळवून इथला घ्या.

कार्बनचा हिशेब

विमानाने माल आणताना टन-किलोमीटरमागे साधारण ०.६ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, कंटेनर जहाजाला सुमारे ०.०१५ किलो. हाँगकाँग ते मुंबई हवाई अंतर साधारण ४,३०० किलोमीटर. दोन किलोच्या पार्सलला ०.००२ × ४,३०० × ०.६, म्हणजे पाच किलोच्या थोडं वर. तेच पार्सल समुद्रमार्गे सुमारे ७,२०० किलोमीटर आलं तरी पाव किलोच्या आत. मुंबई-पुणे ट्रक या आकड्यांत जवळपास दिसतच नाही.

आता दुचाकीचं गणित. लिटरभर पेट्रोलमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. ४५ चं मायलेज असेल तर कोथरूड ते भोसरी जाऊन-येऊन ४० किलोमीटरला दोन किलो. एका ब्रॅकेटसाठी तीन खेपा झाल्या की हाँगकाँगहून विमानाने आणल्यापेक्षा जास्त झाले! इथे बनवलं म्हणजे आपोआप हिरवं, असं नाही. ड्रॉइंग मेलवर पाठवा, नमुन्याचा फोटो मागवा आणि सगळे भाग एकाच फेरीत आणा.

वाहतूक हा एकच भाग. एक किलो एबीएस प्लॅस्टिक तयार होतानाच तीन-चार किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे मॉडेल किती वर्षं चालतं यावर खरा हिशेब ठरतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असेल तर ओतीव चासी काही वर्षांत फुगते, तडकते आणि दुरुस्त होत नाही. जुनं मॉडेल घेताना चासीच्या कडेला बारीक भेगा दिसल्या तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

पुण्यात काय करून घ्यावं

बेसबोर्ड (रुळांखालचा फळा) बाहेरून मागवणं हा वेडेपणा. ९ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, खाली २ × १ इंचाची पट्टी उभी लावून ४० सेंटिमीटरच्या चौकटी. तुकडे दुकानातच कापून घ्या. जोडण्याआधी प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा हात द्या. कडा उघड्या राहिल्या की जूनपासून ओल शिरते, बोर्ड फुगतो, रूळ वर उचलले जातात आणि दोष मात्र रुळांना मिळतो. रुळांच्या सांध्यात दर ९० सेंटिमीटरला अर्धा मिमी फट ठेवा. २५ अंशांच्या फरकाने निकेल-सिल्व्हरचा तेवढा रूळ साधारण ०.४ मिमी वाढतो. पितळी रूळ स्वस्त मिळतात, पण पावसाळ्यात त्यावर थर चढतो आणि इंजिन अडखळतं. इथे पैसे वाचवू नका.

वायर तपकीर गल्लीत मिळते. बोर्डाखालच्या मुख्य जोडीला १.५ चौरस मिमी, रुळाकडे जाणाऱ्या फांद्यांना ०.५ चौरस मिमी, आणि प्रत्येक रुळाला स्वतःची फांदी. सांध्याच्या पत्रीवर विसंबलं की वर्षभरात व्होल्टेज पडायला लागतं.

स्टेशन, पूल, घरं यांसाठी ३ मिमी एमडीएफ किंवा २ मिमी अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापून घ्या. शहरात नामफलक करणाऱ्या अनेकांकडे लेझर मशीन असतं. त्यांना ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल द्या, माप मिलिमीटरमध्ये आहे हे तोंडी सांगा आणि लेझरच्या रेघेला साधारण ०.२ मिमी सोडा. खाचा घट्ट बसायला हव्या असतील तर आधी ५ सेंटिमीटरचा नमुना कापून घ्या. एमडीएफची जाडी खेपेगणिक ०.२ मिमीने इकडे-तिकडे असते आणि खाच सैल होते ती त्यामुळे.

थ्रीडी प्रिंटसाठी एचओला ०.१२ मिमी थर पुरतो. पीएलए हे प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेला भाग वाकतोच, म्हणून विमानाच्या आणि बाहेर राहणाऱ्या भागांना पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक वापरा. शंभर वॅटचा प्रिंटर दहा तास चालला की एक युनिट, म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. फसलेली प्रिंटही तेवढंच खाते. पहिला थर नीट चिकटेपर्यंत समोरून हलू नका.

इंजिन, चाकं, सांधे बदलणारे रूळ आणि डिकोडर (इंजिनातलं डीसीसीचे आदेश वाचणारं सर्किट) मात्र बाहेरचेच घ्या. इथे एक-एक नग करून घेतला तर खर्च तिप्पट होतो आणि अचूकता येत नाही.

जुनं काय करायचं

२०२२ च्या ई-कचरा नियमांच्या यादीत विजेवर चालणाऱ्या आगगाड्या आणि शर्यतीच्या गाड्यांचे संच नावानिशी आहेत. ते सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात वेगळे द्या. आधी मोटर, गिअर, चाकं आणि स्क्रू काढून डब्यात ठेवा.

लायपो पॅक वापरत नसाल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. टाकून द्यायचा असेल आणि फुगलेला नसेल तर उघड्यावर फरशीवर ठेवून १२ व्होल्टचा बल्ब लावून पूर्ण रिकामा करा, टोकांना टेप लावा आणि ई-कचरा संकलनात द्या. फुगलेला पॅक चार्ज किंवा डिस्चार्ज करू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा आणि देताना ‘फुगलेला’ असं स्वच्छ लिहून द्या.