त्रुटी नोंदवायला बसण्याआधी: ‘कधीपासून’ लिहिलंय का?

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत, गंगापूर रोडच्या ऑफिसांत ओपनसोर्स राउटर, व्हीपीएन, डीएनएस सर्व्हर चालतातच, आणि ते सांभाळणाऱ्यालाच कधीतरी त्यातलं भगदाड सापडतं. अशी सुरक्षा त्रुटी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रकल्पाला कळवताना काय काय हाताशी हवं, ते इथे सलग लिहितो. मागच्या वेळी एक गोष्ट राहिली आणि प्रकल्पाकडून पूर्ण नोंद परत आली. ती एक गोष्ट म्हणजे त्रुटी कोणत्या आवृत्तीपासून आहे. ‘माझ्याकडच्या आवृत्तीत आहे’ एवढं पुरत नाही.

चाचणीला मशीन वेगळं, नेटवर्क वेगळं, हे सांगायला नको. गिऱ्हाइकाच्या चालू राउटरवर पॅकेट मारून बघू नका. परवानगी नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ लागू शकतं, हेतू चांगला असला तरी; हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा ठरला तर कलम ६६ सुद्धा. एका लिनक्स लॅपटॉपवर दोन नेटवर्क नेमस्पेस (एकमेकांपासून वेगळी आभासी नेटवर्कं) आणि मधे व्हीथची जोडी, म्हणजे त्यांना जोडणारी आभासी केबल, एवढ्यात बहुतेक काम होतं.

सोर्स कोड गिटने (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) पूर्ण क्लोन करा, म्हणजे इतिहासासकट उतरवा. डेप्थ १ लावून, म्हणजे फक्त शेवटचा बदल घेऊन, घाईत उतरवलेला कोड बिल्ड होतो, चालतो, त्रुटीही दाखवतो, पण ‘कधीपासून’चं उत्तर त्यातून निघत नाही. रेपो मोठा असेल तर रात्री लावून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. हार्टब्लीड ही गाजलेली त्रुटी आठवा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत त्रुटी होती आणि एप्रिल २०१४ मध्ये १.०.१जी ने ती बुजवली. जुन्या ०.९.८ आणि १.०.० शाखांमध्ये ती नव्हतीच. सुरुवात लिहिलेली नसती तर जुन्या शाखेवरची माणसं विनाकारण रात्रभर जागली असती. शिवाय डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या व्हीझी आवृत्तीने दुरुस्ती दिली ती १.०.१ई याच आकड्याखाली, फक्त शेपटीला डेब७यू५ लागलं. म्हणजे नुसता आवृत्तीचा आकडा फसवतो. पॅकेजचा पूर्ण आकडा, शेपटीसकट, उतरवून घ्या.

ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनचं सॉफ्टवेअर) मधली २०२४ ची त्रुटी तर आणखी शिकवणारी. २००६ मध्ये ४.४पी१ ने बुजवलेली चूक ८.५पी१ मध्ये परत आली आणि ९.८पी१ ने बुजवेपर्यंत राहिली. ४.४पी१ च्या आधी होती, मधे नव्हती. ‘९.८पी१ च्या आधीच्या सगळ्या’ असं लिहिलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं. निफाड-दिंडोरीकडची निर्यातीच्या द्राक्षांची फवारणी वही बघा. औषध आणि मात्रा लिहिली पण तारीख राहिली, तर काढणीला किती दिवस थांबायचं ते कुणालाच सांगता येत नाही. आपल्या नोंदीत ती तारीख म्हणजे पहिला सदोष कमिट, म्हणजे ज्या नोंदवलेल्या बदलाने त्रुटी कोडमध्ये आली तो.

तो शोधायला गिट बायसेक्ट, म्हणजे दर वेळी मधला कमिट तपासून यादी निम्मी करत जाणं. १,००० कमिटमधून साधारण १० पायऱ्यांत उत्तर मिळतं, अट एकच: प्रत्येक कमिट तपासणारी स्क्रिप्ट नीट हवी. तिने परत द्यायचा आकडा: चांगल्याला ०, सदोषाला १, आणि बिल्डच झालं नाही किंवा सर्व्हिस उठलीच नाही तर १२५, म्हणजे ‘हा सोडा’. इथेच बहुतेकांची चूक होते. बिल्ड फसलं, स्क्रिप्टने १ दिला आणि बायसेक्टने भलत्याच निरपराध कमिटवर बोट ठेवलं. जुना कोड आजच्या कंपायलरवर बऱ्याचदा बिल्ड होत नाही, म्हणून त्या काळच्या डिस्ट्रोचा कंटेनर (मशीनमध्येच वेगळं चालणारं जुनं वातावरण) तयार ठेवा. त्रुटी वेळेच्या शर्यतीवर, म्हणजे दोन गोष्टी नेमक्या एकाच क्षणी घडण्यावर, अवलंबून असेल तर एकदा क्रॅश झाला नाही म्हणून ‘चांगला’ म्हणू नका. ओपनएसएसएचच्या त्या त्रुटीत शर्यत जिंकायला सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागत होते.

कमिट सापडला की गिट टॅग कंटेन्सने तो कोणत्या प्रकाशनांत गेला ते काढा, पण तिथे थांबू नका. चेरी-पिक केलेल्या, म्हणजे एका शाखेतून उचलून दुसरीत लावलेल्या, कमिटचा हॅश (त्याची ओळख-खूण) बदलतो, त्यामुळे स्टेबल शाखा या यादीत दिसत नाहीत. प्रत्येक चालू शाखेत ती सदोष ओळ स्वतः शोधा आणि शाखेगणिक लिहा: कधीपासून, कुठपर्यंत. माझ्या मते नोंदीतला अर्धा वेळ इथेच जायला हवा.

पॅकेट पकडताना पीकॅप फाइल (पकडलेल्या पॅकेटची नोंद) पूर्ण ठेवा. पाठवणाऱ्या मशीनवरच पकडलं तर चेकसम ऑफलोडमुळे (पडताळणीचा आकडा नेटवर्क कार्ड नंतर भरतं) वायरशार्क या पॅकेट बघायच्या साधनात चेकसम चुकलेले दिसतात आणि वाचणारा उगाच तिकडे अडकतो, म्हणून आधी ईथटूलने ऑफलोड बंद करा. पत्ते १९२.०.२.०/२४ मधले वापरा, ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. गिऱ्हाइकाचा खरा आयपी नोंदीत गेला तर तो मागे घेता येत नाही. वेळ यूटीसीत लिहा, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

क्रॅश असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून बिल्ड, डीबग चिन्हांसकट, आणि पूर्ण ट्रेस. बिल्डचे पर्यायही लिहा. हार्टब्लीड ज्यात होती ती हार्टबीट्स सोय वगळून बांधलेलं ओपनएसएसएल त्या त्रुटीपासून सुरक्षित होतं, म्हणजे एका पर्यायाने निकाल बदलतो.

सीव्हीएसएस गुण (त्रुटी किती गंभीर याचं मोजमाप) शेवटी काढा, ३.१ की ४.० ते लिहा. प्रकल्पाची सुरक्षा फाइल वाचा, तिथल्याच खाजगी पत्त्यावर पाठवा, सार्वजनिक इश्यू उघडू नका. सीव्हीई क्रमांक (त्रुटीचा जगभर चालणारा ओळख क्रमांक) प्रकल्प स्वतः देत असेल तर त्याच्याकडूनच. लिनक्स कर्नल २०२४ पासून स्वतः देतो. नाहीतर सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे जाता येतं. लिनक्स डिस्ट्रोंच्या सुरक्षा पथकांच्या खाजगी मेलिंग यादीत कळवलंत तर गुप्तता जास्तीत जास्त १४ दिवस, तेवढ्यात पॅच होणार का ते आधी विचारा.

पाठवण्याआधी मसुद्यात ‘पासून’ शोधा. प्रत्येक शाखेपुढे तो शब्द आणि कमिटचा हॅश नसेल तर पाठवू नका.