पोरांची पळायची वही कशी ठेवायची

पाचवी-सहावीतलं पोरगं शाळेच्या खेळांत उतरलं की घरात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात, एक म्हणजे रोज ग्राउंडवर जातंय पण पुढे सरकतंय का काही कळत नाही आणि दुसरी म्हणजे मराठीच्या पेपरात दोन ओळींच्या वर पेन चालत नाही. दोन्हीला मिळून एक शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर त्याच दिवसाचं लिखाण, आणि दोन्ही पोरानेच लिहायचं, तुम्ही नाही.

आधी आकडे. १०० मीटर टेपने एकदाच नीट मोजून घ्या आणि दोन्ही टोकांना फक्की मारा, पावलांनी मोजलेलं चालत नाही. टायमिंग घेणाऱ्याने शेवटच्या रेषेवर उभं राहायचं, आणि सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्याला शिट्टीबरोबर हात किंवा रुमाल खाली आणायला सांगायचं, घड्याळ तो रुमाल बघून चालू करायचं, आवाज ऐकून नाही, कारण १०० मीटरवरून आवाज पोचायलाच पाव सेकंदाच्या वर जातात. छाती रेषेवर आली की बंद. एवढं करूनही मोबाईलवरच्या टायमिंगमध्ये एक-दोन दशांश इकडेतिकडे होतातच, त्यामुळे १६.४ चं १६.३ झालं म्हणून पेढे वाटू नका आणि १६.५ झालं म्हणून तोंड पाडू नका. महिन्यातून एकदा टेस्ट घ्या, तेच ग्राउंड, तीच वेळ, बूट असतील तर दरवेळी बूट, अनवाणी तर अनवाणीच.

लांब उडीत लोक पुढे पडलेल्या पायापासून मोजतात, ते चूक. वाळूत सगळ्यात मागे जी खूण उमटली, मग ती टेकलेल्या हाताची का असेना, तिथून उडी मारायच्या रेषेपर्यंत मोजायचं.

आणि घाई करू नका हो. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे, २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) त्याची वेळ होती ८:११.२०, आणि २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ८:०९.९१. म्हणजे सव्वा सेकंदाला जवळपास दोन वर्षं, आणि इथे आपण पंधरा दिवसांत विचारतो काय फरक पडला. त्यात ११ ते १४ या वयात उंची भराभर वाढते तेव्हा टायमिंग काही महिने अडकू पण शकतं. टाच किंवा गुडघ्याखाली सारखं दुखत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, "खेळाडूला दुखतंच" असलं काही बोलू नका.

आता उजवं पान, खरी मजा इथे आहे. "आजचा अनुभव लिही" म्हटलं की पोरगं "मी पळलो. मला खूप मजा आली." लिहून वही मिटवतं. त्यापेक्षा एकच बारीक प्रश्न द्या. दम कुठे लागला? शेजारच्या लेनमधला पुढे गेला तेव्हा तू काय केलंस? आज पायाला काय टोचत होतं? चार ओळी बास. लाल पेन लांब ठेवा, आठवड्यातून एकदा फक्त दोन शब्दांचं शुद्धलेखन सांगा, जास्त सांगितलं की पोरं येतात तेवढेच शब्द वापरायला लागतात (हे मोठ्यांचंही होतं म्हणा). गाईडमधला "माझा आवडता खेळ" उतरवून काढला तर गुपचूप पान उलटून पुढचा प्रश्न द्या.

लिखाणात प्रगती कशी ओळखायची? ओळी मोजू नका. "म्हणून", "कारण", "तेवढ्यात" असे शब्द यायला लागले का बघा. "मी हरलो" च्या जागी "वळणावर मी मागे बघितलं म्हणून दोघं पुढे गेले" असं आलं की समजा गाडी रुळावर आली, आणि गंमत म्हणजे याच वाक्यातून सरांना पुढचा सराव काय द्यायचा तेही कळतं, नुसत्या टायमिंगवरून कधीच कळलं नसतं.

तालुका स्पर्धेची नावं द्यायची वेळ आली की ही वही पीटीच्या सरांकडे किंवा मॅडमकडे न्या. १४ वर्षांखालच्या गटात १०० ला नाव द्यायचं का ४०० ला, यावर घरी वाद घालण्यापेक्षा दोन्ही पानं त्यांच्यासमोर उघडा. शेवटच्या वीस मीटरमध्ये बाकीची मुलं माझ्या मागे पडतात असं पोरगं स्वतःच चार वेळा लिहून बसलं असेल तर त्याला ४०० पळवून बघायला सांगा.